दहा ठिपक्यांवर गॅलेक्सी तोलताना

बाय,

तुझा मेसेज वाचला. प्रोजेक्टला "डार्क मॅटर की मॉन्ड" घेऊ का म्हणतेस, म्हणजे गॅलेक्सीत न दिसणारं, फक्त ओढीने कळणारं वजन आहे, की गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलायला हवा. घे गो, पण निकाल लावायला बसण्याआधी ग्लोब्युलर क्लस्टर, म्हणजे ताऱ्यांचा गोल दाट पुंजका, एकदा डोळ्यांनी बघ. मे चालूय, पाऊस यायच्या आत काब द राम किल्ल्याच्या बाजूला जा, रात्री अकराच्या सुमाराला दक्षिणेला सत्तावीसेक अंशांवर तांदळाचं पीठ चिमूटभर सांडल्यासारखा ठिपका दिसेल, तो ओमेगा सेंटॉरी. 17 हजार प्रकाशवर्षं लांब, आत कोटीभर तारे.

रायबंदरहून चोडणला रात्री फेरीबोटीने जातेस ना? पाण्याची ओढ अंधारात दिसत नाही, पण दिव्याच्या उजेडात वाहत येणारा पालापाचोळा किती जोरात सरकतो त्यावरून कळते. क्लस्टर म्हणजे तो पाचोळा. गॅलेक्सीच्या कडेला जिथे तारे विरळ होतात तिथेही क्लस्टर फिरत असतात आणि त्यांच्या वेगावरून आतलं वजन काढता येतं. 2019 मध्ये गाया आणि हबल या अवकाशातल्या दुर्बिणींनी मोजलेल्या 46 क्लस्टरवरून आपल्या आकाशगंगेचं वजन साधारण दीड लाख कोटी सूर्यांएवढं निघालं, त्यात ताऱ्यांचा वाटा अगदी थोडा.

आता खरी गोम. 2018 मध्ये एनजीसी 1052-डीएफ2 या फिक्या गॅलेक्सीत दहा क्लस्टरचे वेग मोजले, ते एकमेकांपासून इतके कमी वेगळे निघाले की ताऱ्यांचंच वजन पुरेसं झालं, डार्क मॅटरची गरजच उरेना. खळबळ माजली. मग एका क्लस्टरचा वेग दुरुस्त करावा लागला आणि वेगांतल्या फरकाचा आकडा वर सरकला, दहातला एक हललेला पुरतो गो! मग अंतरावरून भांडण, कोणी म्हणे 6.5 कोटी प्रकाशवर्षं, कोणी 4.2 कोटी, आणि गॅलेक्सी जवळ असली तर ताऱ्यांचं वजन कमी भरतं म्हणजे डार्क मॅटर परत दारात. 2021 मध्ये हबलने 7.2 कोटी काढलं. मॉन्डवाल्यांचंही उत्तर तयार होतं, शेजारच्या मोठ्या गॅलेक्सीच्या ओढीने वेग कमी होतात म्हणून. मला स्वतःला मॉन्ड पटत नाही, पण हा मुद्दा त्यांचा पोकळ नाही.

तू एवढंच कर. ते दहा वेग कागदावर उतर, दर वेळी एक वगळून पसारा काढ, म्हणजे उरलेले वेग एकमेकांपासून किती वेगळे ते. संध्याकाळभराचं काम. शनिवारी फोंड्याला येशील तेव्हा तो कागद आण, प्रोजेक्टचं नाव मग ठरवू.