सिलेक्शनला सगळेच फॉरवर्ड असतात, तू साइड बॅकचा विचार कर

तुझा प्रश्न नीट वाचला. साताऱ्यात नववीला आहेस, शाळेच्या फुटबॉल टीमचं सिलेक्शन तीन आठवड्यांवर आलंय, पळतोस चांगला, उंची कमी, डावा पाय फारसा चालत नाही, आणि फॉर्मवर 'फॉरवर्ड', म्हणजे पुढे राहून गोल मारणारा, लिहू का असं विचारतोयस. शाळा-कॉलेजात खेळलो आणि गेली बारा वर्षं पोरांना शिकवतोय, त्यावरून सांगतो : लिहू नकोस.

आठवीत मीही तेच लिहिलं होतं. मैदानावर पन्नासेक पोरं, त्यातली निम्म्याहून जास्त फॉरवर्ड. वीस मिनिटांच्या मॅचमध्ये बॉल माझ्या पायाला दोनदा लागला, दोन्ही वेळा आमचीच पोरं अंगावर धावून आली आणि तो गेला. यादीत नाव नव्हतं. त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या वर्षी राइट बॅकचा, म्हणजे बचावात उजव्या कडेला खेळणारा पोरगा तापामुळे आला नाही, म्हणून सरांनी मला तिथे उभं केलं. समोर अख्खं मैदान दिसत होतं, कडेनं पळायला जागा मोकळी होती आणि बॉल सारखा माझ्याकडे येत होता. मग कॉलेज संपेपर्यंत ती जागा मी सोडली नाही.

उंचीची काळजी करू नकोस. 2006 साली वर्ल्ड कप जिंकणाऱ्या इटलीचा कॅप्टन कानाव्हारो स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मधोमध खेळणारा बचावपटू होता, तोही जेमतेम 5 फूट 9 इंचांचा. आपला सुनील छेत्री 5 फूट 7 इंचांचा. पण एक गोष्ट लक्षात ठेव. शालेय स्पर्धांचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालचे असतात. नववीतला म्हणजे तू बहुतेक 17 च्या गटात जाशील, समोर दहावी-अकरावीची दणकट पोरं असतील. गोलसमोरच्या धक्काबुक्कीत त्यांच्यापुढे टिकणं या वर्षी तुला जड जाईल. साइडलाइनजवळ मात्र तुझा वेग कामाला येईल. गोलकीपरचा विचार तू केलेला दिसत नाही, म्हणून त्यात शिरत नाही. मिडफिल्डला बॉल यायच्या आधीच पुढचा पास दिसावा लागतो, ती नजर तीन आठवड्यांत येत नाही.

आता तयारी. तू रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर पळत जातोस असं लिहिलंयस. दम वाढतो, पण ते आठवड्यातून दोनदाच कर आणि उतरताना चालत ये, उतारावर पळून गुडघे दुखावलेली पोरं मी पाहिलीत. मॅचमध्ये दहा-वीस मीटर सुसाट पळायचं, थांबायचं, वळायचं, परत पळायचं असतं. म्हणून वीस मीटरवर दोन दगड ठेव, जोरात जा, वळून जोरात ये, अर्धा मिनिट थांब. असं दहा वेळा, दिवसाआड.

बाकी वेळ भिंतीला दे, मी सगळ्यात जास्त भर यावर देतो. पाच-सहा पावलांवर उभा राहा. डाव्या पायाच्या आतल्या बाजूने मार, परत आलेला बॉल डाव्यानेच थांबव. टेकलेल्या उजव्या पायाचा अंगठा भिंतीकडे वळलेला हवा आणि पाऊल बॉलच्या शेजारी, मागे नको. मागे राहिलं की बॉल उडतो. डाव्याचा घोटा कडक धर, सैल सोडलास तर बॉल नुसता पायाला लागून घरंगळेल. रोज दीडशे. पहिले चार दिवस वैताग येईल, दुसऱ्या आठवड्यात आवाज बदलेल, 'थप' असा भरीव येईल. तेवढ्याने डाव्याने गोल होणार नाहीत, पण दहा मीटरचा पास सरळ जाईल. बॅकला तेवढा पास भरवशाचा हवाच.

सिलेक्शनच्या दिवशी सर बॉल असलेल्याकडे बघतात, पण बॉल नसलेल्याकडेही बघतात. बॉल घ्यायच्या आधी एकदा खांद्यावरून मागे बघ. बॉल गेला की डोक्याला हात लावून उभा राहू नकोस, लगेच मागे वळून पळ. मी यादी करतो तेव्हा या एका सवयीवर पोरं घेतलीत. आणि बोलत राहा : 'मागे आहे', 'सोड', 'माझा'. तुझ्याकडे समोरचा विंगर, म्हणजे कडेनं चढाई करणारा, बॉल घेऊन आला की पाय घालायची घाई करू नकोस. हातभर अंतर ठेवून तिरका उभा राहा, त्याला गोलच्या उलट, लाइनकडे ढकलत ने. पावसात ओल्या मैदानावर उडी मारून पाय घालणारा घसरून पडतो आणि समोरचा निघून जातो.

नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस, टाचेला फोड येतात. आत्ताच घेऊन आठवडाभर सरावात वापर.

फॉर्मवर 'राइट बॅक' लिही, दुसऱ्या पसंतीला 'राइट विंग'. सरांनी विचारलं तर सांग, लाइनवर वर-खाली पळायची तयारी आहे. तीन आठवड्यांनी कुठे उभं केलं ते इथे नक्की लिही, तिथून पुढचं बोलू.