चेक प्रजासत्ताकातील असंतुष्टांच्या पक्षाचे, ओडीएचे, पुढे काय झाले?

कम्युनिस्ट राजवटीशी झगडलेल्या विचारवंतांनी स्थापन केलेला ओडीए, म्हणजे नागरी लोकशाही आघाडी, हा चेक पक्ष सत्तेत पोहोचूनही का टिकला नाही, असे आपण विचारले आहे. 1989 नंतरच्या मध्य युरोपाविषयी मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. त्या वाचनावरून माझे मत असे झाले आहे की या पक्षाकडे विचार भरपूर होते, नैतिक दबदबाही होता. पण गावोगावचे सदस्य आणि त्यांच्या वर्गणीवर चालणारी संघटना त्याने कधीच उभी केली नाही, आणि हीच उणीव त्याला अखेरीस भोवली.

पक्षाची स्थापना 17 डिसेंबर 1989 रोजी झाली, म्हणजे प्रागमधील विद्यार्थी मोर्च्यावर पोलिसांनी लाठ्या चालवल्याला बरोबर एक महिना झाला होता. दानिएल क्रोउपा आणि पावेल ब्रातिन्का हे त्याचे प्रमुख संस्थापक. नागरी हक्कांसाठी 1977 साली निघालेल्या ‘चार्टर 77’ या जाहीरनाम्यावर दोघांच्याही सह्या होत्या. क्रोउपा हे तत्त्वज्ञ यान पातोच्का यांचे शिष्य. चार्टरच्या पहिल्या तीन प्रवक्त्यांपैकी एक असलेले पातोच्का पोलिसांच्या दीर्घ चौकशांनंतर मार्च 1977 मध्ये मरण पावले, आणि पुढची अनेक वर्षे क्रोउपा घरगुती बैठकांतून तत्त्वज्ञानाचे अनधिकृत वर्ग चालवत राहिले. ब्रातिन्का भौतिकशास्त्रज्ञ होते, पण राजवटीच्या रोषामुळे त्यांना बॉयलरमध्ये कोळसा घालण्याचे काम करावे लागले. चार्टरच्या वर्तुळात डाव्या विचारांच्या, अगदी माजी सुधारणावादी कम्युनिस्टांचाही मोठा भरणा होता. या मंडळींचा कल मात्र खासगी मालमत्ता, कायद्याचे राज्य आणि परंपरा मानणाऱ्या उजव्या विचारांकडे होता. थोडक्यात, हा पक्ष एका अभ्यासमंडळातून जन्माला आला आणि त्याचा स्वभावही बराच काळ तसाच राहिला.

1990 ची निवडणूक ओडीएच्या लोकांनी नाटककार व चार्टरचे नेते व्हात्स्लाव्ह हावेल यांच्या ‘नागरी मंच’ या व्यापक छत्राखाली लढवली. 1992 मध्ये स्वतंत्रपणे लढताना चेक व स्लोव्हाक मिळून बनलेल्या संघराज्याच्या संसदेत शिरण्यासाठी लागणारी 5 टक्क्यांची मर्यादा पक्षाला ओलांडता आली नाही, पण चेक राष्ट्रीय परिषदेत, म्हणजे संघराज्याच्या चेक भागाच्या विधिमंडळात, जवळपास 6 टक्के मते व 14 जागा मिळाल्या. काही महिन्यांतच चेकोस्लोव्हाकियाची फाळणी होऊन हीच परिषद नव्या देशाचे कनिष्ठ सभागृह बनल्याने पक्षाचे वजन आपोआप वाढले. पंतप्रधान व्हात्स्लाव्ह क्लाउस यांच्या आघाडी सरकारात पक्षाध्यक्ष यान काल्व्होदा उपपंतप्रधान झाले, यिर्झी स्कालित्स्की यांच्याकडे खासगीकरण आले आणि व्लादिमीर द्लोउही यांच्याकडे उद्योग व व्यापार. गंमत अशी की असंतुष्टांच्या या पक्षाचा सर्वांत लोकप्रिय चेहरा ठरलेले द्लोउही 1989 पर्यंत कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. प्रादेशिक स्वराज्य संस्था हव्यात, असा काल्व्होदा यांचा आग्रह होता आणि त्यावरून क्लाउस यांच्याशी त्यांचे वारंवार खटके उडत.

1996 च्या निवडणुकीत पक्षाला 13 जागा मिळाल्या, मात्र सत्ताधारी आघाडीचे बळ 200 पैकी 99 वर अडकले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काल्व्होदा यांनी पदे सोडली, कारण रीतसर न मिळवलेली कायद्याची डॉक्टर ही पदवी ते नावामागे लावत होते. इतर पक्षांत असे प्रकरण कदाचित पचले असते; पण ज्या पक्षाचे सारे भांडवलच सचोटी हे होते, त्याला ते परवडणारे नव्हते. पुढे नोव्हेंबर 1997 मध्ये क्लाउस यांच्या पक्षाच्या देणग्यांचा घोटाळा उघडकीस आला, तेव्हा ओडीए सरकारातून बाहेर पडला आणि सरकार कोसळले. परंतु दोन-तीन महिन्यांतच त्याच्या स्वतःच्या निधीवर प्रश्न उभे राहिले: ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदलेल्या एका कंपनीमार्फत आलेल्या पैशांमागे खरे देणगीदार कोण? तेव्हा अध्यक्ष असलेल्या स्कालित्स्की यांनी फेब्रुवारी 1998 मध्ये देणगीदारांची नावे जाहीर केली आणि राजीनामा दिला. अनेक नामवंत पक्ष सोडून गेले, आणि जूनमधील मुदतपूर्व निवडणूक ओडीएने लढवलीच नाही.

त्यानंतर पक्ष मुख्यतः सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, आणि चार पक्षांच्या एका आघाडीत तग धरून राहिला. 2002 च्या निवडणुकीपूर्वी, सुमारे 7 कोटी क्रोनच्या जुन्या बँक कर्जाचा प्रश्न मित्रपक्षांनी लावून धरला आणि ओडीएला त्या आघाडीबाहेर पडावे लागले. वर्गणी भरणारे सदस्य पुरेसे असते तर एवढे कर्ज साचलेच नसते, असे मला वाटते. स्वबळावर लढताना पक्षाला जेमतेम अर्धा टक्का मते मिळाली आणि 2007 मध्ये तो विसर्जित झाला.

तरीही ओडीएची कारकीर्द निष्फळ होती, असे मी म्हणणार नाही. ज्या प्रादेशिक स्वराज्यासाठी काल्व्होदा भांडले, त्याच्या पहिल्या निवडणुका 2000 साली झाल्या आणि त्या प्रादेशिक प्रतिनिधी सभा आजही कार्यरत आहेत.