शेवटचे शंभर मीटर

चि. धावपटूस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. वैयक्तिक शंभर मीटरच्या निवडीत नाव आले नाही आणि ‘आता मी फक्त रिलेपुरती उरले’ असे तू लिहिले आहेस. त्यातला ‘फक्त’ मला खटकला, म्हणून जपानच्या नोबुहारू असाहाराविषयी लिहितो.

असाहारा १९७२ साली कोबे येथे जन्मला. शाळेत हँडबॉल, पुढे लांब उडी आणि मग धावणे, अशा वळणांनी तो या शर्यतीकडे आला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तर तो शंभर मीटर आणि लांब उडी या दोन्हींत उतरला होता. २००१ साली ऑस्लोमध्ये त्याने १०.०२ सेकंदांची वेळ नोंदवली, ती त्याची आयुष्यातली सर्वोत्तम ठरली. दहाच्या आत तो कधीच आला नाही; एखाद्या जपानी धावपटूला ते जमायला २०१७ साल उजाडावे लागले.

२००८ मध्ये बीजिंगला तो छत्तीस वर्षांचा होता. वैयक्तिक शर्यतीत उपांत्य फेरीही हाती लागली नाही. प्रत्येकी शंभर मीटरच्या रिलेत मात्र त्सुकाहारा, सुएत्सुगु, ताकाहिरा आणि शेवटी तो, असे चौघे उभे राहिले. त्यांच्यापैकी एकानेही दहा सेकंदांच्या आत धाव घेतलेली नव्हती. मग चौघांची मिळून ३८.१५ सेकंदांची वेळ आली कुठून? देण्याघेण्यातून. जपानी संघ बॅटन, म्हणजे हातोहात द्यायची कांडी, खालून देतो: घेणारा तळवा खाली करून हात कमरेजवळ मागे ठेवतो आणि देणारा ती अंगठा व तर्जनीच्या बेचक्यात खालून वर सारतो. हात फार मागे ताणावा लागत नसल्याने घेणाऱ्याची धाव मोडत नाही. मात्र दोघांना एकमेकांच्या अधिक जवळ यावे लागते, म्हणून घेणारा कधी सुटतो यावर सारे अवलंबून असते. देणाऱ्याचा पाय ट्रॅकवरच्या खुणेवर पडला की निघायचे, आणि पुन्हा मागे पाहायचे नाही. तरुणपणी एका स्पर्धेत मी मागे पाहिले होते. संघ बाद झाला, आणि त्या संध्याकाळी बसमध्ये कोणी माझ्याशी बोलले नाही.

नशिबाचा वाटाही मी लपवणार नाही. प्राथमिक फेरीतच अमेरिकेच्या हातून बॅटन निसटली आणि ब्रिटनही बाद झाले. अंतिम शर्यतीत असाहारा तिसरा आला आणि आनंदाच्या भरात त्याने बॅटन आकाशात भिरकावली. पुढे पहिल्या आलेल्या जमैकाच्या संघातील एक धावपटू उत्तेजक चाचणीत दोषी ठरला, २०१८ मध्ये त्याचे अपीलही फेटाळले गेले आणि कांस्याचे रौप्य झाले. तोवर असाहाराला निवृत्त होऊन दहा वर्षे होत आली होती. बीजिंगच्या मैदानावर पदक स्वीकारण्याचा तो क्षण कांस्याचाच राहिला, याची हळहळ मला त्याच्याहून अधिक वाटत असावी.

तुला अँकर, म्हणजे शेवटचा टप्पा धावणारी, का केले, हे तू विचारलेच नाहीस. तुझा वेग संघात दुसऱ्या क्रमांकाचा आहे, पण मागचा गडी उशिरा आला तरी तू गडबडत नाहीस, हे मी तीन वर्षे पाहतो आहे.

बुधवारी सकाळी सहाला ये. येताना पांढरी चिकटपट्टी आण. तुझी खूण तुझ्याच पावलांनी मोजून तुलाच लावायची आहे.

तुझा,
सर