गार पाणी लागलं की दातातून कळ जाते. डॉक्टर फ्लोराइड लावून घ्या म्हणतात. खरंच फरक पडतो का?

मला पडला. पण आधी एक बघा: गार घोट गिळल्यावर कळ लगेच विरते, की मागे ठणका राहतो? ठणका राहत असेल, रात्री झोपमोड होत असेल, तर कीड खोल गेलेली असू शकते. तिथे फ्लोराइडने भागत नाही.

माझी कळ क्षणभराचीच होती, डावीकडच्या वरच्या सुळ्यात. डॉक्टरांनी हातात आरसा दिला तेव्हा कळलं. हिरडी वर सरकलेली आणि दाताच्या मुळाशी नख अडकेल एवढी पिवळसर खाच. वर्षानुवर्षं भांडी घासावीत तसे दात घासल्याचं फळ! इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक कवच, झिजलं की खालचा डेंटिनचा थर उघडा पडतो. त्यात असंख्य बारीक नळ्या असतात. गारवा लागला की त्यांतला द्रव हलतो आणि आतली नस चाळवते. फ्लोराइड लाळेतल्या कॅल्शियमशी मिळून या नळ्यांच्या तोंडावर थर धरतं.

क्लिनिकमध्ये लावतात ते वार्निश बहुतेक ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं, म्हणजे २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग फ्लोराइड). रोजच्या पेस्टमध्ये साधारण १,००० ते १,५०० असतं. दात कोरडे करून छोट्या ब्रशने फासतात, दुखत अजिबात नाही. नंतर दातांवर डिंक वाळल्यासारखं वाटतं आणि जीभ सारखी तिथेच जाते. काही तास गरम, कडक खायचं नाही, ब्रशही नाही. मला पहिल्या दिवशी काहीच फरक वाटला नाही, आठवड्याभराने गार पाणी सरळ प्यायलो. मात्र थर झिजतो. काही महिन्यांनी मला पुन्हा लावावं लागलं.

घरी एक सवय बदला: ब्रश झाल्यावर पेस्ट थुंका, पण खळखळून चूळ भरू नका, नाहीतर फ्लोराइड सगळं धुऊन जातं. मला हे जमायला फार दिवस लागले, तोंड धुतल्यासारखंच वाटेना. पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्टही चालते, ती नसेला शांत करते. पण चार दिवसांत सोडू नका, काही आठवडे द्या. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश नको.

आणि तुमचा ब्रश बघा. महिन्याभरातच केस फिस्कारले असतील तर जोर जास्त पडतोय. मऊ ब्रश घ्या आणि तो मुठीत न धरता पेनासारखा धरा.