सीओपीडी असलेल्या वडिलांची चालण्याची ताकद पंपाने वाढते का?

तुम्ही विचारलंय की वडील रोज पंप (इनहेलर) घेतात, तरी फुंकायच्या टेस्टचा आकडा जेमतेम हलला. मग चालायला त्याचा काही उपयोग आहे का? आहे. त्या आकड्याकडे बघून पंप बंद करू नका, ही पहिली विनंती. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, फुप्फुसाच्या रुग्णांकडून व्यायाम करून घेते. या आकड्यापायी खचलेली माणसं नेहमी भेटतात आणि वाईट वाटतं.

सीओपीडी हा श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा फुप्फुसाचा आजार, त्यात खरी अडचण श्वास सोडण्याची असते. नळ्या आकसलेल्या, म्हणून हवा बाहेर पडायला वेळ लागतो. बसल्या जागी तो वेळ मिळतो. चालायला लागलं की श्वासाचा वेग वाढतो, आधीची हवा पुरती निघायच्या आत पुढचा श्वास घ्यावा लागतो आणि छाती फुगलेलीच राहते. भरलेल्या पीएमटी बसमधून कुणी उतरलंच नाही तर स्टॉपवरचे चढणार कुठे? टायोट्रोपियम, ग्लायकोपायरोनियम, फॉर्मोटेरॉल ही पंपातली औषधं नळ्यांभोवतीचे स्नायू सैल करतात, अडकलेली हवा थोडी जास्त निघते आणि नव्या श्वासाला जागा होते. पहिल्या सेकंदात किती हवा फुंकली, या आकड्यात हे नीट उमटत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टायोट्रोपियम सहा आठवडे घेतल्यावर, ठरावीक जोराने सायकल चालवायचा वेळ औषध नसलेली पावडर घेणाऱ्यांच्या तुलनेत साधारण पावणेदोन मिनिटांनी वाढला.

त्यापुढचं काम पायांचं. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, मांड्या बारीक होतात, मग दहा पावलांतच पाय भरून येतात. पंप पायात ताकद भरत नाही, चालायची संधी देतो. २००५ च्या आणखी एका अभ्यासात ट्रेडमिलच्या व्यायामाला टायोट्रोपियमची जोड मिळालेले लोक नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ चालू शकले.

आता एक गोष्ट घरीच तपासा. वडील कॅप्सूलचा पंप घेत असतील तर ओढून झाल्यावर कॅप्सूल बघा. आत पावडर दिसली तर पुन्हा ओढायला सांगा. पावडरचा पंप जोरात, झटक्यात ओढायचा. दाबायचा स्प्रे मात्र सावकाश, शक्यतो स्पेसर (स्प्रेला जोडायची पोकळ नळी) लावून. बरेच जण नेमकं उलट करतात. नंतर दहा सेकंद श्वास धरायचा. ‘सवय लागेल’ असं म्हणून डोस गाळू देऊ नका, या औषधांचं व्यसन लागत नाही.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या पूर्वी चढायचे असं तुम्ही लिहिलंय. सध्या सारसबागेतली सपाट वाट पुरे. सकाळी कुणी पालापाचोळा जाळत असेल तर ऊन वर आल्यावर जा. दम लागला तर थांबून, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा आणि परत निघायचं. निघण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी साल्ब्युटामॉल (नळ्या लगेच सैल करणारा पंप) घ्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा. हृदयाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नकोच. सहा ते बारा आठवड्यांचा पल्मनरी रिहॅब, म्हणजे फुप्फुसाच्या रुग्णांसाठीचा व्यायामाचा कार्यक्रम, जवळपास कुठे मिळत असेल तर त्यांना त्यात जरूर घाला.

चालताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली गेला तर तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. थांबूनही दम बसत नसेल तर वाट न बघता दवाखाना गाठा.