सर्व्हायव्हल रेट घसरला, आता आईला दुसरीकडे हलवू का?

हा प्रश्न आकडे बदलून माझ्याकडे येतच असतो. यावेळी विचारणारा कोथरूडचा, हिंजवडीत आयटीत कामाला (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). आईला ब्रेस्ट कॅन्सर, किमो अर्धी झालेली, आणि फॅमिली ग्रुपवर कोणीतरी टाकलं की तिच्या हॉस्पिटलचा पाच वर्षांचा सर्व्हायव्हल रेट (निदानानंतर पाच वर्षं जगलेल्या पेशंटचं प्रमाण) 70 टक्क्यांवरून 55 वर आलाय. झालं, याची झोपच उडाली.

मी विचारलं, किती पेशंटमधले 55 टक्के? तर 20 पैकी 11.

म्हटलं, तुम्ही कोडिंग करता ना, मग लॅपटॉप उघडा. समजा काहीच बिघडलेलं नाही, खरा रेट अजून 70च आहे (याला नल हायपोथेसिस म्हणतात), तर 20 जणांत 11 किंवा त्याहून कमी वाचले असं नुसत्या योगायोगाने किती वेळा होईल? त्याने तिथेच 20-20 काल्पनिक पेशंटच्या हजारो बॅचेस फिरवल्या, शंभरात साधारण 11 वेळा आलं. हीच पी-व्हॅल्यू, 0.11. आणि खरं तर आकडा बघून झाल्यावर आपण 'घसरला' ही बाजू धरली, रेट वाढला असता तरी बातमी झालीच असती, म्हणून दोन्ही टोकं, म्हणजे एवढी घट किंवा एवढीच वाढ, मोजली तर शंभरात 22. पी-व्हॅल्यू याखाली गेली तरच नुसता योगायोग मानायचा नाही, अशी रूढ रेषा 0.05 ची, तीही संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरच्या 1925 च्या पुस्तकापासून वापरात आलेली, काही दगडावरची रेघ नाही.

मग मी 200 पैकी 110 टाकायला लावलं. टक्केवारी तीच 55, पण आता योगायोगाने असं व्हायची शक्यता लाखात एकदाही नाही.

तो लगेच खूश, म्हणजे मॅडम सगळं ठीक आहे! अहो नाही, तेही सिद्ध होत नाही, एवढ्या थोड्या पेशंटमध्ये खरी घसरणसुद्धा निसटू शकते, आणि रेट खरंच बदलला तरी ही आकड्यांची टेस्ट कारण सांगत नाही, कदाचित यावेळी पुढच्या स्टेजचे पेशंट जास्त आले असतील. शिवाय ज्यांची पाच वर्षं मोजलीत त्यांचं निदान किमान पाच वर्षांपूर्वीचं, त्यांची ट्रीटमेंट तेव्हाची. आईची स्टेज काय, रिसेप्टर रिपोर्ट (ट्यूमरच्या पेशींवर हार्मोन वगैरेंचे कोणते रिसेप्टर आहेत ते) काय, किमोला ट्यूमर कसा प्रतिसाद देतोय, हे त्या मेसेजमध्ये कुठंय?

हेच प्रश्न लिहून तो डॉक्टरांकडे गेला. सेकंड ओपिनियन घ्यायचं ठरलंय, पण किमोची पुढची तारीख न चुकवता.