फुटलेल्या पक्षाची प्रायमरी : वाचकांच्या शंका

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी एखाद्या पक्षात डझनभर इच्छुक उभे राहिले आणि त्यांतून एकाला निवडणारे राज्याराज्यांतील पक्षांतर्गत मतदान, म्हणजे प्रायमरी, जवळ आले की माझ्याकडे त्याच त्या प्रश्नांची पत्रे येऊ लागतात. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : राष्ट्रीय जनमत चाचण्यांत जो आघाडीवर असतो, त्यालाच उमेदवारी मिळते असे धरून चालावे का?

उत्तर : नाही. २००७ मध्ये बहुतांश काळ रिपब्लिकन चाचण्यांत आघाडीवर असलेल्या रुडी जुलियानी यांना पुढे एकही राज्य जिंकता आले नाही.

प्रश्न : पक्षातील बहुसंख्य मतदार विरोधात असतानाही एखादा उमेदवार पुढे निघून जातो, यात कारस्थान असते का?

उत्तर : कारस्थान नसते, नियम असतात, आणि ते कोणी वाचत नाही ही माझी जुनी तक्रार आहे. मतविभागणी मराठी वाचकाला नवी नाही; मात्र येथे तिचा परिणाम पक्षागणिक आणि राज्यागणिक बदलतो. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षात १७ प्रमुख इच्छुक होते. साउथ कॅरोलायनात राज्यभर पहिल्या आलेल्याला २९ प्रतिनिधी (उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या महाअधिवेशनात त्याच्या बाजूने मत देणारे) आणि सातपैकी प्रत्येक मतदारसंघात पहिल्या आलेल्याला ३, अशी वाटणी होती. ट्रम्प यांना सुमारे साडेबत्तीस टक्के मते मिळाली, पण ते सगळीकडे पहिले आल्याने पन्नासच्या पन्नास प्रतिनिधी त्यांच्या पदरात पडले. प्रतिस्पर्धी रुबिओ आणि क्रूझ यांची मिळून जवळपास पंचेचाळीस टक्के मते असूनही दोघांचे हात रिकामे राहिले. डेमोक्रॅटिक पक्षात हे घडले नसते, कारण तेथे १५ टक्क्यांची पातळी ओलांडणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणात वाटा मिळतो. तेथील अनिश्चितता वेगळ्या जागी असते : कोण कधी माघार घेतो, यात. २०२० मध्ये बायडेन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले, तेव्हा अनेकांनी त्यांना मोडीत काढले होते. २९ फेब्रुवारीला त्यांनी साउथ कॅरोलायना जिंकले, पुढच्या दोन दिवसांत प्रतिस्पर्धी बुटिजज आणि क्लोबुचार बाजूला झाले, आणि ३ मार्चला १४ पैकी १० राज्ये बायडेन यांच्याकडे गेली. (ज्यांनी टपालाने आधीच मत पाठवले होते, त्यांची मते माघार घेतलेल्यांच्या नावावर वाया गेली, हेही नोंदवून ठेवावे.) म्हणून कोणताही अंदाज बांधण्यापूर्वी त्या राज्यातील पक्षाची त्या वर्षीची नियमावली पाहावी, मागच्या वेळची चालत नाही.

प्रश्न : एक संकेतस्थळ शुल्क घेऊन ‘अचूक’ अंदाज देते. सट्ट्याचे भावही तेच सांगतात. विश्वास ठेवावा का?

उत्तर : दोन्ही ठिकाणी तुमच्या उतावळेपणावर धंदा चालतो. २०१२ मध्ये आयोवात रिपब्लिकन पक्षाच्या मतदानानंतर इच्छुकांपैकी रोमनी ८ मतांनी पुढे असल्याचे जाहीर झाले. पंधरवड्यानंतर प्रमाणित आकडे आले तेव्हा त्यांचे प्रतिस्पर्धी सँटोरम ३४ मतांनी पुढे होते, आणि तोवर पुढच्या राज्याचे, न्यू हॅम्पशायरचे, मतदानही उरकले होते. जेथे झालेली मतमोजणीच फिरली, तेथे न झालेल्या मतदानाची अचूकता कोण विकतो? पैसे लावणारच असाल, तर आधी तुमच्या राज्याचा कायदा जाणकाराकडून समजून घ्यावा.

प्रश्न : कोणालाच प्रतिनिधींचे बहुमत मिळाले नाही तर महाअधिवेशनात घोडेबाजार होईल का?

उत्तर : होऊ शकतो, पण तेथे उमेदवार ठरवायला मतदानाच्या एकाहून अधिक फेऱ्या लागल्याचे शेवटचे उदाहरण १९५२ चे आहे.

प्रश्न : आम्ही न्यू यॉर्कमध्ये राहतो. मी नागरिक आहे, पत्नीकडे ग्रीन कार्ड आहे आणि भाचा एच-१बी व्हिसावर आहे. कोणी मत द्यावे, कोणी देणगी द्यावी? नोंदणी सावकाश केली तर चालेल का?

उत्तर : सावकाश चालणार नाही. तुमच्या राज्यात प्रायमरीत मत देण्यासाठी त्या पक्षात नोंदणी असावी लागते आणि पक्ष बदलण्याची मुदत मतदानाच्या बरीच आधी संपते. २०१६ मध्ये हीच मुदत चुकल्याने ट्रम्प यांच्या दोन अपत्यांना वडिलांनाच मत देता आले नाही. आजच काउंटीच्या निवडणूक कार्यालयात चौकशी करावी. पत्नीने मतदार नोंदणीचा अर्ज कोणी हातात ठेवला तरी सही करू नये, कारण त्यातून पुढे मिळू शकणारे नागरिकत्वच नव्हे, तर वास्तव्यही धोक्यात येते. देणगी मात्र त्या देऊ शकतात. भाच्याला तीही देता येत नाही, आणि त्याच्या वतीने तुम्ही देणे हाही गुन्हाच आहे. आधीच दिली असेल, तर इमिग्रेशनच्या वकिलाला लगेच गाठावे.